जुन्या दहा इंची टच टॅबलेटवर लिनक्स : पेन ड्राइव्हच दिसत नाही, मदत हवी

खिडकीचीसीट · १४ जुलै २०२४, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

माळा आवरताना २०१५ सालचा एक टू-इन-वन हाती लागला. दहा इंची टचस्क्रीन, चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड, आत ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेली साठवण. धाकट्या भावाने कॉलेजात असताना घेतला होता. त्यावर विंडोज १० आहे, पण सुरू होऊन हाताशी यायलाच दहा मिनिटं जातात. डिस्क इतकी भरली आहे की नवं अपडेट उतरवायला जागा नाही. तशीही त्या आवृत्तीची मुदत पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतेय.

पण काचेवर एक ओरखडा नाही आणि बॅटरी अजून तीन तास जाते. टाकवत नाही. घराजवळच्या एका दुकानात नेला, तर हातातही न घेता 'भंगारात द्या' म्हणून सांगितलं.

मला तो आईसाठी हवा आहे. ती चातुर्मासात रोज पोथी वाचते. बुधवारी आषाढी, म्हणजे वाचन सुरू होईल, आणि छापील पोथीतली अक्षरं आता तिला लागत नाहीत. फोनवर अक्षर मोठं केलं की जेमतेम दोन शब्द मावतात. तेव्हा काम एवढंच: पोथीची पीडीएफ मोठ्या अक्षरात, मराठी विश्वकोशाच्या नोंदी, थोड्या बातम्या, आणि जमलं तर तिच्या पाककृतींची वही तिनेच टाइप करणं.

अडलंय ते असं. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायची म्हणून एका नेहमीच्या लिनक्सची ६४ बिट प्रतिमा (इन्स्टॉल करायची फाइल) पेन ड्राइव्हवर घेतली. तोच ड्राइव्ह ऑफिसच्या लॅपटॉपवर झटक्यात चालू होतो. टॅबलेटच्या बूट मेनूत मात्र त्याचं नावही येत नाही. प्रोसेसर तर ६४ बिट आहे. मग चुकतंय कुठे?

वाचनमात्र · १४ जुलै, रात्री ११.०५

माझ्याकडेही असाच एक पडून आहे. वाचनखूण साठवली.

रात्रपाळी · १५ जुलै, पहाटे २.१५

तुमचं काही चुकलेलं नाही. घर ६४ बिटचं आहे, दरवाजा ३२ बिटचा आहे.

बे ट्रेल जातीच्या, म्हणजे तुमच्यासारखा ॲटम असलेल्या, त्या काळातल्या बहुतेक स्वस्त टॅबलेटांत प्रोसेसर ६४ बिट, पण फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय, ३२ बिट असं जोडकाम होतं. ३२ बिट यूईएफआय पेन ड्राइव्हवर 'बूटआयए३२' नावाची फाइल शोधतं. बऱ्याच वितरणांच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार प्रकारांच्या, ६४ बिट प्रतिमेत फक्त 'बूटएक्स६४' असते. फाइल सापडली नाही की ड्राइव्ह त्याच्या लेखी नाहीच. म्हणून मेनूत नाव येत नाही, चूक दाखवणारा संदेशही येत नाही. कितीतरी लोकांनी इथेच हात टेकले असतील.

दोन वितरणांनी ही अडचण नीट सोडवली आहे. फेडोराने २०१७ च्या २७ व्या आवृत्तीपासून ३२ बिट दरवाजातून ६४ बिट प्रणाली चढवायची सोय दिली. ते काम तेव्हा रेड हॅट कंपनीत असलेल्या हान्स डी गूड यांचं. या जुन्या ॲटम टॅबलेटांचा टच, आवाज, बॅटरीचा आकडा, असं कितीतरी त्या एका माणसाने कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मार्गी लावलं आहे. दुसरं डेबियन. १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जून २०२३ पासून, त्यांच्या नेहमीच्या ६४ बिट इन्स्टॉलरमध्येच ३२ बिट यूईएफआयची सोय आहे.

माझा सल्ला: फेडोराची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) लाइव्ह प्रतिमा, म्हणजे डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालणारी, घेऊन नुसती चालवून पाहा. सेटअपमध्ये सिक्युअर बूट बंद करा. काय चालतं, काय नाही, हे वहीत लिहून ठेवा. पटलं तर कायमचं डेबियन १२ टाका. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिन्यांत संपते, डेबियनची पाचेक वर्षं पुरते. आईच्या यंत्रावर दर वर्षी नवी आवृत्ती चढवत बसायचं नसतं.

आणि विंडोज आत्ता पुसू नका. का ते टच चालला नाही की कळेल.

सोल्डरगन · १५ जुलै, सकाळी ९.३०

वरच्या सगळ्याआधी एक. टॅबलेट सपाट टेबलावर पाठीवर ठेवा आणि बोटाने चारी कोपरे दाबून बघा. डुगडुगतोय का? काच एखाद्या कडेने वर उचलली आहे का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या लिथियम बॅटरीचा भरवसा नसतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा जुन्या टॅबलेटांपैकी दोन-तीन तरी असे निघतात.

सपाट असेल तर निर्धास्त पुढे जा.

खिडकीचीसीट · १६ जुलै, रात्री ११.२०

सोल्डरगन, सपाट आहे. चारी कोपरे तपासले.

रात्रपाळी, मनापासून आभार. आज ऑफिसातून ग्रँट रोडला उतरलो. यूएसबीचं एकच मायक्रो पोर्ट, चार्जिंगही त्याच्यातूनच, त्यामुळे पेन ड्राइव्ह जोडणाऱ्या साध्या ओटीजी केबलने भागत नाही हे लक्षात आलं होतं. लॅमिंग्टन रोडला चौथ्या दुकानात बाहेरून वीज घेणारा ओटीजी हब मिळाला. पाऊस असा होता की हब पिशवीत, पिशवी शर्टात.

घरी आल्यावर फेडोरा लाइव्ह लावला आणि पहिल्याच फटक्यात मेनूत नाव दिसलं! वहीत लिहिलेलं इथे उतरवतो. पडदा ठीक, १२८० बाय ८००. वायफाय आपोआप लागलं. आवाज आहे. बॅटरीचा आकडा दिसतो. ब्राइटनेस कमीजास्त होतो. दोन्ही कॅमेरे बंद. टच बंद.

आणि एक गंभीर प्रकार. वीसेक मिनिटांनी सगळं गोठलं. माउसचा बाण जागच्या जागी, घड्याळातला सेकंद थांबलेला. बटण दहा सेकंद दाबून बंद करावं लागलं. दुसऱ्यांदा तेच, या वेळी आठ मिनिटांत. रॅम गेली की काय अशी धास्ती वाटतेय.

रात्रपाळी · १७ जुलै, रात्री १.४०

रॅम ठीक असणार. बे ट्रेलवर लिनक्स गोठण्याची तक्रार जुनी आहे. प्रोसेसरला काम नसलं की तो वीज वाचवायला टप्प्याटप्प्याने झोपतो, या टप्प्यांना सी-स्टेट म्हणतात. खोल टप्प्यातून वर येताना काही यंत्रं अडकतात. म्हणून नेमकं तुम्ही काही करत नसताना गोठतं. पाहा, तसंच झालं होतं का?

उपाय: ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधी येणाऱ्या, मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ जोडा आणि एफ१० दाबा. म्हणजे तो डुलकी घेईल, गाढ झोपणार नाही. बॅटरी थोडी लवकर उतरेल. नव्या कर्नलमध्ये बऱ्याच यंत्रांना याची गरज पडत नाही, पण तुमच्याला पडतेय असं दिसतं.

वायफाय आपोआप लागलं म्हणजे बहुधा आरटीएल८७२३बीएस चिप असेल. तिचा ड्रायव्हर २०१७ च्या ४.१२ कर्नलपासून आत आहे. त्याआधी लोक तो स्वतः कंपाइल करत.

आठइंचवाला · १७ जुलै, सकाळी ७.५०

टचबद्दल मी सांगतो, कारण तिथे माझं नुकसान झालं आहे.

कर्नलचा लॉग उघडून 'सिलीड' शब्द शोधा. 'सिलीड/एमएसएसएल१६८०.एफडब्ल्यू' ही फाइल चढली नाही, एरर -२, अशी ओळ असेल तर तुमचं आणि माझं दुखणं एकच. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. या टच चिपमध्ये स्वतःची स्मृती नसते. दर वेळी यंत्र सुरू झालं की ड्रायव्हरने तिला तिचं फर्मवेअर पाजावं लागतं, आणि ते प्रत्येक मॉडेलच्या काचेप्रमाणे वेगळं. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नल ४.८ पासून आहे, पण तुमच्या काचेची फाइल कुठे आहे? तुमच्याच विंडोजच्या ड्रायव्हरांत.

मी २०१९ मध्ये उत्साहात आधी डिस्क कोरी केली. मग लॉगमधली ती ओळ वाचली. ज्या दुकानातून घेतला त्यांच्याकडे चौकशी केली, त्यांच्याकडे काही नव्हतं. तसंच मॉडेल असलेला माणूस शोधण्यात पाच महिने गेले, तोवर माझा टॅबलेट हा टच नसलेला टॅबलेट होता. तेव्हा विंडोज अजून जागेवर आहे तोवर सिस्टम३२ मधलं 'ड्रायव्हर्स' फोल्डर उघडा, 'सिलीडटच.एफडब्ल्यू' शोधा आणि दोन ठिकाणी कॉपी करा. नाव वेगळंही असू शकतं, म्हणून सगळं ड्रायव्हर फोल्डरच उचललंत तर उत्तम. ही फाइल जशीच्या तशी चालत नाही. गिटहबवर जीएसएल-फर्मवेअर नावाचा प्रकल्प आहे, त्यातल्या साधनाने ती लिनक्सच्या रूपात बदलायची. तुमचं मॉडेल तिथल्या संग्रहात आधीच असेल तर देवच पावला.

खिडकीचीसीट · १७ जुलै, रात्री ९.१५

लॉगमध्ये अक्षरशः तीच ओळ आहे. आणि फाइल सापडली! पेन ड्राइव्हवर एक, ईमेलमध्ये एक. तुमचा प्रतिसाद एक दिवस उशिरा आला असता तर मीही पुसून बसलो असतो.

सी-स्टेटची ओळ घातल्यापासून सलग सहा तास चालू आहे. एकदाही गोठलं नाही.

आज एकादशी. आईने या वर्षीही भिंग घेऊनच वाचन सुरू केलं. मी श्रावणाची मुदत धरली आहे.

स्पष्टच_विचारतो · १८ जुलै, दुपारी १.१०

राग मानू नका, पण दहा-बारा हजारांत नवा अँड्रॉइड टॅब येतो. हब, केबल, चार रात्री, हा हिशेब कुठे बसतो?

खिडकीचीसीट · १८ जुलै, रात्री १०.३०

रास्त प्रश्न आहे, राग कसला. व्हिडिओ कॉल हे मुख्य काम असतं तर मीही नवाच घेतला असता, कारण याचे कॅमेरे चालत नाहीत. पण आईला हवी आहेत मोठी अक्षरं, खरा कीबोर्ड आणि जाहिराती मध्ये न येणारा पडदा. यंत्र घरात आहे, धड आहे. ते केवळ जुन्या प्रणालीची मुदत संपतेय म्हणून फेकून द्यायचं, हे मला पटत नाही. आमच्या घरात मिक्सरचं भांडं तीनदा पाती बदलून वापरलं जातं. काँप्युटरला वेगळा नियम का?

खर्च आजवर हबचे साडेसहाशे रुपये.

खिडकीचीसीट · २१ जुलै, रविवार, दुपारी ४.००

डेबियन १२ चढलं. एक्सएफसीई घेतलं, सुरू झाल्यावर साधारण ५०० एमबी रॅम खातं. फर्मवेअरची वेगळी जुळवाजुळव करावी लागली नाही, १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. बदललेली टचची फाइल 'सिलीड' फोल्डरमध्ये लॉगने मागितलेल्या नावाने ठेवली, पुन्हा सुरू केलं, आणि टच जागा झाला.

पण चुकीच्या जागी. आईला बोलावलं, म्हटलं खाली उजवीकडच्या चित्रावर बोट ठेव. तिने ठेवलं. बाण वर डावीकडे, पडद्याच्या मध्यापर्यंतही पोचला नाही. बोट काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं तरी बाण वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या पट्टीएवढ्या जागेतच फिरतो. दिशा बरोबर आहेत, पोच कमी आहे. आई म्हणाली, "मी हळू दाबतेय का रे?" तिला वाटलं, तिचंच चुकतंय.

रात्रपाळी · २१ जुलै, रात्री ११.५०

आईंना सांगा, त्यांचं बोट बरोबर आहे.

काचेची मापं माहीत नसली की ड्रायव्हर गृहीत धरतो की आडवे-उभे आकडे ४०९५ पर्यंत जातील. तुमची काच तिथपर्यंत जात नाही. ओळखीच्या मॉडेलांची मापं कर्नलच्या यादीत असतात, तुमचं तिथे नसावं. टचचे आकडे दाखवणारी 'इव्हटेस्ट' आज्ञा चालवा, बोट खालच्या उजव्या कोपऱ्यात अगदी कडेला न्या आणि एक्स व वायचे सर्वात मोठे आकडे लिहून घ्या. ४०९५ ला त्या आकड्यांनी भागा. येणारे दोन गुणक लिबइनपुटच्या (टच आणि माउस सांभाळणारा भाग) कॅलिब्रेशन मॅट्रिक्समध्ये, म्हणजे सहा आकड्यांच्या ओळीत, पहिल्या आणि पाचव्या जागी टाका, बाकी चार शून्य. यूडेव्हच्या (उपकरणं ओळखणारा भाग) नियमात लिहिलंत की कायमचं राहील.

खिडकीचीसीट · २२ जुलै, रात्री १२.४०

एक्स १६३८, वाय ८९०. म्हणजे २.५ आणि ४.६. मॅट्रिक्स: २.५ ० ० ० ४.६ ०.

बोट आणि बाण एकाच जागी! रात्रीचे पावणेएक वाजलेत, आई झोपली आहे, नाहीतर आत्ताच उठवलं असतं.

आठइंचवाला · २२ जुलै, सकाळी ८.०५

अभिनंदन! तुमचा पडदा मुळात आडवा आहे हेही नशीब. माझ्या आठ इंचीचा पॅनेल मूळचा उभा, ८०० बाय १२८०. ग्रबचा मेनू कायम आडवा झोपलेला दिसतो. पडदा फिरवला की टचचे आकडेही त्याच्याबरोबर फिरवावे लागतात, आणि मॅट्रिक्समध्ये उणे चिन्ह आलं की गोंधळ वाढतो. असा पॅनेल असलेल्यांनी आधी फक्त पडदा सरळ करावा, मग टचला हात घालावा. दोन्ही एकदम नको.

इनस्क्रिप्टवाली · २३ जुलै, संध्याकाळी ६.२०

पाककृतींच्या वहीचं वाचून राहवलं नाही. मी गेली अकरा वर्षं दिवसभर मराठी टाइप करते.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा लेआउट जोडा आणि 'ऑनबोर्ड' हा पडद्यावरचा कीबोर्ड टाका. जो लेआउट चालू असेल त्याचीच अक्षरं ऑनबोर्ड बटणांवर दाखवतो, म्हणजे आईंना क कुठे आणि ख कुठे हे पाठ करावं लागत नाही. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ज्यांनी कधीच इंग्रजी टायपिंग केलं नाही त्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्यापेक्षा हे फार सोपं जातं. माझ्या सासूबाई आठवड्यात शिकल्या. ल च्या बटणावर शिफ्ट धरलं की ळ येतो, हे मात्र पहिल्या दिवशीच सांगा. पोळी, भोपळा, गूळ, नारळापासून केळफुलापर्यंत त्याच्याशिवाय पान हलत नाही.

फॉन्टकडे दुर्लक्ष करू नका. प्रणालीची भाषा मराठी ठेवलीत तर लोहित देवनागरीत श आणि ल मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. शाळेत मराठी गिरवलेल्या डोळ्यांना हा फरक लगेच जाणवतो. युनिकोडमधल्या पोथीसाठी आपल्या पवईच्या आयआयटीने मुक्त केलेला शोभिका वापरा, जोडाक्षरं देखणी आहेत. रोजच्या बातम्यांना मुंबईतल्याच एक टाइपचा मुक्त. दोन्ही विनामूल्य.

शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह आहेत. ते तुमच्यासाठी.

खिडकीचीसीट · ४ ऑगस्ट, रविवार, रात्री ९.००

दोन आठवड्यांचा अनुभव लिहितो, कुणाला उपयोगी पडेल.

झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा) लावलं, रॅमच्या निम्म्याएवढं. ईएमएमसीवर स्वॅप ठेवला नाही, ती झिजते आणि बदलता येत नाही. एका वेळी ब्राउझरचे तीन टॅब निवांत, पाचव्याला दम लागतो. फायरफॉक्समध्ये बोटाने पान सरकण्याऐवजी मजकूर निवडला जात होता, तेव्हा एमओझेड_यूज_एक्सइनपुट२ ची किंमत १ दिली. यूट्यूबवर कीर्तन अडखळत होतं. या चिपला एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरमधून उलगडता येतो, पण व्हीपी९ प्रकाराचं सगळं काम प्रोसेसरवर येतं. एच.२६४ च मागणारं एक्स्टेन्शन टाकलं आणि ४८० पी वर ठेवलं. आता सुरळीत आहे.

निद्रेत ठेवून भागत नाही, रात्रभरात बॅटरी बरीच उतरते. म्हणून आईला बंद करायलाच शिकवलं. चालू व्हायला पाऊण मिनिट लागतं, तेवढ्यात ती समईची वात सारखी करते.

पोथी ईव्हिन्स या पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅममध्ये. दोन बोटांनी अक्षर मोठं होतं हे तिला सांगावं लागलं नाही, फोनमुळे सवय होती. स्कॅन केलेल्या पोथीचं पान उलटायला दोन-अडीच सेकंद लागतात. मला खटकत होतं. ती म्हणाली, ओवी मनात म्हणायला तेवढा वेळ लागतोच.

ताई, ऑनबोर्ड आणि इनस्क्रिप्ट दोन्ही लावलं. काल तिने स्वतः पहिली पाककृती लिहिली, सव्वा तास लागला: 'नारळीभात. तांदूळ २ वाट्या, गूळ दीड वाटी, लवंगा ४.' 'नारळी' मधला ळ तिने मला न विचारता काढला.

उद्या श्रावण, आणि पहिलाच दिवस सोमवार. टॅबलेट देवघराशेजारी स्टँडवर आहे. भिंग कपाटात गेलं.

वाचनमात्र · ४ ऑगस्ट, रात्री ९.४५

सगळा धागा पुन्हा वाचला आणि माझा बाहेर काढला. कोपरे दाबून पाहिले, सपाट आहे. ड्रायव्हर फोल्डर कॉपी करायला लावलं आहे. डोंबिवलीला राहतो, तो बाहेरून वीज घेणारा हब इथे मिळेना.

खिडकीचीसीट · ४ ऑगस्ट, रात्री ९.५५

माझा रिकामाच आहे, महिनाभर ठेवा. शनिवारी दादरला येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येताना काचेचे ते दोन मोठे आकडे लिहून आणा, भागाकार पुलावर उभ्या उभ्या करू.